अंतर्मुख नेता खरंच भारी असतो का?

"अंतर्मुख माणसं जास्त चांगले नेते होतात, संशोधनानं सिद्ध झालंय." हे वाक्य हल्ली सेमिनारच्या स्लाइडवर हमखास दिसतं. त्यासाठी बहुतेकदा ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या शोधनिबंधाचा आधार देतात. तो मुळातून वाचा, त्यात असं म्हटलेलंच नाही.

त्यांनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची 57 दुकानं अभ्यासली. सांगेल तेवढंच करणारे कर्मचारी असले, तर बहिर्मुख मॅनेजरच्या दुकानाचा नफा 16 टक्के जास्त. पण कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे, कामाची पद्धत सुधारणारे असले, तर तोच नफा 14 टक्के कमी! म्हणजे नेत्याचा स्वभाव एकटा काही ठरवत नाही. स्लाइडवर येईपर्यंत यातला अर्धा निष्कर्ष गळून जातो.

उलट बाजूचा साचाही तितकाच ढिला. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले. बहिर्मुखतेचा सहसंबंध नेता म्हणून पुढं येण्याशी 0.33, तर प्रभावी ठरण्याशी 0.24. दोन्ही धन आहेत, पण निवडून येणं आणि काम करून दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी.

आपल्या सातारा-सांगलीत नेता म्हटलं की सभा गाजवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, क्रांतिसिंह नाना पाटलांसारखा. पण 1943 ते 1946 चं प्रतिसरकार चाललं ते गावोगावचे गट, न्यायमंडळं आणि कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना यांच्या जोरावर. पुढं फर्डा वक्ता, मागं स्वतःहून झटणारी माणसं. पिझ्झाच्या हिशोबानं ही जोडी फसायला हवी होती. फसली नाही.

मग निबंध खोटा? छे. एका उदाहरणानं सरासरी मोडत नाही. शिवाय व्यासपीठ गाजवणं म्हणजे बहिर्मुखता नव्हे. प्रश्नावली मोजते ती माणसांत रमण्याची ओढ, उत्साह, पुढाकार. नानांनी ती कुठं भरली होती? आणि भूमिगत राहणाऱ्याला गटांवर निर्णय सोपवावेच लागतात, स्वभाव कसाही असो.

या विषयावर सिनॉप्सिस लिहीत असाल, तर नेत्यांचे 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' असे दोन गठ्ठे करू नका, गुण सलगच ठेवा. आणि प्रश्नावली त्यांच्या हाताखालच्यांकडूनही भरून घ्या.