परधान कुठल्या रकान्यात?

गेल्या वर्षी शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठातून मला एक वाचनयादी आली. पदव्युत्तर वर्गासाठी आदिवासी ज्ञानपरंपरा आणि संशोधनपद्धती असा पेपर बसवायचा होता, आणि त्यातलं भाषांतराचं प्रकरण मी नजरेखालून घालावं अशी विनंती होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर ज्ञानपरंपरेचे पेपर सगळीकडेच बसवले जात आहेत, त्यामुळे नवल वाटलं नाही. यादी मन लावून केलेली होती. लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं १९९९ चं ‘डीकॉलोनायझिंग मेथडॉलॉजीज’, शॉन विल्सन यांचं २००८ चं ‘रिसर्च इज सेरेमनी’, गणेश देवींचं ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’, आणि ज्यांना मराठी वाचक जवळजवळ विसरले आहेत ते शामराव हिवाळे.

यादीला दोन रकाने होते. एक ‘पद्धती’, दुसरा ‘माहितीचे स्रोत’. न्यूझीलंडच्या माओरी आणि कॅनडाच्या क्री अभ्यासकांची पुस्तकं पहिल्यात. इथून अमरकंटकच्या वाटेवर, दिंडोरी जिल्ह्यात राहणारे परधान मात्र दुसऱ्यात, हिवाळ्यांच्या पुस्तकाच्या पोटात.

परधान म्हणजे गोंडांचे गायक, वंशावळी आणि देवकथा सांभाळणारे. प्रत्येक परधान घराचे गोंड यजमान ठरलेले असतात. ठरावीक वर्षांनी परधान त्यांच्या दारी जातो, बाना वाजवतो (आपला ‘बाणा’ नव्हे, गजाने वाजवायचं तंतुवाद्य), साजाच्या झाडात राहणाऱ्या बडादेवाला जागवतो, यजमानाच्या पूर्वजांची गाथा गातो आणि दान घेतो. आता ही व्यवस्था संशोधकाच्या डोळ्यांनी बघा. ज्याची गोष्ट आहे त्याच्याच अंगणात ती सांगायची. चुकलं तर तिथल्या तिथे टोकणारी म्हातारी समोर बसलेली. मोबदला उघड, सगळ्यांदेखत. पुन्हा त्याच दारी यायचं असल्यामुळे खोटं परवडत नाही. अतिशयोक्ती मात्र परवडते, ती अपेक्षितच असते. विल्सन ज्याला नात्याचं उत्तरदायित्व म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे? तरीही परधान ‘स्रोत’, आणि पद्धत आयात केलेली.

या परधानांविषयी इंग्रजीत जे लिहिलं गेलं त्याचा इतिहास मुखपृष्ठांवरच वाचता येतो. १९१६ मध्ये आर. व्ही. रसेल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड निघाले. मुखपृष्ठावर खालच्या ओळीत कटनीचे रायबहादूर हिरालाल यांचं नाव येतं, ‘साहाय्य’ म्हणून. परधानांना त्यात जागा आहे, पण फसवणुकीच्या क्लृप्त्यांचं वर्णनही त्यांच्याच खात्यावर आहे. १९३५ मध्ये ‘साँग्स ऑफ द फॉरेस्ट’ आलं, शामराव हिवाळे आणि व्हेरिअर एल्विन, या क्रमाने. १९४४ च्या ‘फोक-साँग्स ऑफ द मैकल हिल्स’वर क्रम उलटला: एल्विन आणि हिवाळे. १९४६ चं ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ एकट्या हिवाळ्यांचं.

हिवाळे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून एल्विनबरोबर निघाले आणि १९३२ च्या जानेवारीत मैकलच्या पायथ्याशी करंजियाला पोचले. पुढे मुक्काम पाटणगढला हलला. एल्विन १९५४ च्या सुरुवातीला ईशान्येकडे गेले, हिवाळे पाटणगढलाच राहिले. एल्विनच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, रामचंद्र गुहांनी त्यांचं चरित्र लिहिलं. हिवाळे मात्र बहुतेकांना एल्विनचे सोबती म्हणूनच माहीत. परधानांवरचं त्यांचं पुस्तक मला आवडतं, कारण ते रसेलच्या पोलिसी नजरेला शेजाऱ्याच्या नजरेने उत्तर देतं. परधानाचा लोभ, त्याचा विनोद, त्याची प्रेमप्रकरणं, गोंडाने त्याला कमी लेखणं आणि तरी त्याच्यावाचून गोंडाचं अडणं, हे सगळं त्यात जिव्हाळ्याने येतं. दुरून आलेला माणूस असं लिहू शकत नाही. आजच्या पेपरात ‘सहभागी निरीक्षण’ शिकवताना हे पुस्तक आदर्श म्हणून लावलं तर माझी हरकत नाही.

माझी हरकत गाण्यांविषयी आहे. एल्विन-हिवाळ्यांची गाणी आपल्यापर्यंत येतात ती इंग्रजी कविता म्हणून. एल्विनसमोर आर्थर वेलींच्या चिनी कवितांचा कित्ता होता: आपल्या पदरची प्रतिमा घालायची नाही, यमक जुळवायचं नाही. भाषांतरं सुरेख आहेत आणि इथेच घात होतो. सुरेख भाषांतर मूळ मागू देत नाही. त्याच वर्षांत डब्ल्यू. जी. आर्चर छोटानागपूर आणि संथाळ परगण्यात गाणी जमवत होते. ‘द ब्लू ग्रोव्ह’मध्ये त्यांनीही उरावांची गाणी इंग्रजीत आणली, पण त्याचबरोबर उराव, मुंडा आणि संथाळ गाण्यांचे मूळ भाषेतले संग्रह छापले. आर्चर सरकारी अधिकारी होते, हिवाळे गावचे रहिवासी. तरीही उराव मुलगी आज आजीचं गाणं आजीच्या भाषेत ताडून बघू शकते, परधान मुलीला मात्र इंग्रजीतून उलटं चालत यावं लागतं. नात्याची जवळीक आणि नोंदीची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येते, असा नव्या अभ्यासक्रमांचा भाबडा समज दिसतो.

मी काही बाहेरून बोलत नाही. मैकलच्या त्या संग्रहातली अकरा गाणी मी मराठीत केली होती, अर्थात इंग्रजीवरून. त्यातलं एक मी इथे जबलपुरात एका छोट्या बैठकीत वाचलं. दिंडोरीकडून शिकायला आलेली एक मुलगी मागे बसली होती. नंतर जवळ येऊन म्हणाली, “दीदी, ये तो ददरिया है. इसमें जवाब भी होता है.” ददरिया सवाल-जवाबाचा: एक बाजू म्हणते, दुसरी उत्तर देते. मी एकाच बाजूला कविता समजून तिच्या एकाकीपणावर चार वाक्यं बोलले होते. तो एकाकीपणा गाण्यात नव्हताच, छपाईत होता.

म्हणून मी यादीत एक पुस्तक सुचवलं, तेही पहिल्या रकान्यात. ‘भीमायन’, २०११. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, कथन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, आणि नावं याच क्रमाने. विषय आपल्या घरचा: डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधले अनुभव, साताऱ्याहून मसूर स्टेशनपर्यंतचा तो प्रवास, बडोद्यातलं घर न मिळणं, महाडचं पाणी. इथे परधान माहिती देत नाहीत, आपल्याविषयीची माहिती तपासतात. चित्रकथेच्या चौकटी त्यांनी नाकारल्या, माणसांना डब्यात कोंडायचं नाही म्हणून. मऊ बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी आहे, मनातल्या विचाराला डोळा. म्हणजे कोण काय म्हणालं याच्याआधी ते कसं लागलं हे वाचकाला कळतं. जातीविषयीच्या लिखाणात उद्धृत वाक्याला त्याचं विष जोडून दाखवणारी टीप मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मराठीत याच मजकुरावर किती लिहिलं गेलं आहे! त्यात ही नांगी कुणाला सुचली नव्हती.

पाटणगढच्याच जनगढसिंह श्यामला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वामीनाथनच्या माणसांनी भारत भवनात आणलं, तिथून हा चित्रांचा रस्ता सुरू झाला. बाना घेऊन फिरणाऱ्यांची मुलं-नातवंडं कॅनव्हासच्या कोपऱ्यात सही करू लागली. या चित्रांना ‘लोककला’ म्हणून भिंतीवर टांगणं सोपं आहे. त्यांना पद्धत म्हणायचं तर शिकवायला परधान लागेल, आणि तपासायलाही.

तसं मी लिहिलं. परधान चित्रकाराला किंवा गायकाला बोलवा, दहा तास द्या, विद्यार्थ्यांच्या नोंदी त्याच्याकडून तपासून घ्या आणि प्राध्यापकाला देता तेवढंच मानधन द्या. उत्तर सौजन्याचं होतं. पुस्तक घेतलं, दुसऱ्या रकान्यात. परधान कलाकाराला ‘प्रात्यक्षिका’साठी एक दिवस बोलावता येईल, परीक्षक म्हणून पदव्युत्तर पदवी नसलेली व्यक्ती नियमात बसत नाही, मानधन कलावंतांच्या दराने. भाषांतराच्या प्रकरणासाठी माझी अकरा गाणी मात्र त्यांना हवी होती.

ती मी अजून पाठवलेली नाहीत. त्या मुलीने तिच्या मामीकडून तीन जवाब मोबाइलवर रेकॉर्ड करून आणले आहेत. त्यातला एक माझ्या गाण्याचा आहे की भलत्याच गाण्याचा, यावर मामी आणि तिची जाऊ यांचं एकमत होत नाहीये.