नऊ वर्षांचेच राहिलेले नायक

२००८ साली पोगो वाहिनीवर छोटा भीम पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आजही तो नऊ वर्षांचाच आहे. त्याला तेव्हा पाहणारी पहिली-दुसरीतली मुलं आता नोकऱ्यांना लागली आहेत, काहींचे संसारही सुरू झाले आहेत. नायकाचं वय थांबलं म्हणून तक्रार करण्याचं कारण नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही पुस्तकामागून पुस्तकं शाळकरीच राहिला. प्रश्न वेगळा आहे. काल जे घडलं, त्यातलं काही आज या नायकाच्या अंगावर, मनावर, त्याच्या गावावर उरतं का? भारतीय साहसी ॲनिमेशन मालिकांची आजची अवस्था तपासायची तर हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.

हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचे राजीव चिलका यांनी घडवलेला भीम हे मोठं यश आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. परदेशी कार्टूनवर वाढणाऱ्या मुलांना त्यांनी धोतर नेसणारा, लाडू खाणारा, खेड्यात राहणारा नायक दिला. भीम दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, गावातल्या दांडगट कालियाशी वैर धरत नाही, मित्रांना सोडून पळत नाही. पण त्याच्या गावाचा, ढोलकपूरचा कारभार पाहा. राजा इंद्रवर्मा आहे, त्याचे सैनिक आहेत, तरी संकट आलं की निरोप जातो तो एका मुलाकडे. लाडू खाल्ला जातो, ताकद येते, मारामारी होते, गाव जल्लोष करतं. पुढच्या भागात सगळं पुन्हा पहिल्यासारखं. २०१५ मध्ये निकलोडियनवर आलेला ‘शिवा’ आजी-आजोबांकडे राहणारा सायकलस्वार मुलगा, पण त्याच्या शहरातल्या पोलिसांचं त्याच्यावाचून चालत नाही. २०१८ मध्ये आलेल्या ‘लिटिल सिंघम’ने तर मुलाच्या अंगावर पोलिसाची वर्दीच चढवली. जबाबदारी या मालिकांत पदासारखी दिली जाते. ती पेलताना काय गमावलं, कुठे चुकलं, कोणाला दुखवलं, याचा हिशेब कुठेच नसतो.

यामागे वाहिन्यांचं गणित आहे. बालवाहिनीवर एकच भाग अनेकदा, कोणत्याही क्रमाने दाखवला जातो. मध्येच टीव्ही लावणाऱ्या मुलाला काहीही अडू नये, म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी जग होतं तसं परत ठेवावं लागतं. त्यात दप्तरावर, डब्यावर, वहीच्या मुखपृष्ठावर छापलेला चेहरा बदलणं कोणालाच परवडत नाही. लेखकाने नायकाला एखादी जखम दिली, तर ती पुढच्या भागात दिसायला हवी. ती दिसणार नसेल, तर लेखक ती देतच नाही. नायक मोठा होत नाही, कारण त्याच्या कथेला आठवण ठेवण्याची मुभाच नाही.

खरं तर आठवणीचा हा धागा आपल्या घरच्या कथेतच आहे. बाल मारुती सूर्याला फळ समजून झेपावतो, ऋषींच्या खोड्या काढतो आणि शापाने स्वतःचीच शक्ती विसरतो. ती त्याला परत मिळते जांबवंताने आठवण करून दिल्यावर, सीतेच्या शोधाचं काम समोर असताना. बालपणातली ताकद आणि मोठेपणीचं काम यांच्यामध्ये विसरण्याचा एक लांब काळ आहे, आणि तोच मारुतीला नायक करतो. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ हा चित्रपट २००५ मध्ये चालला, तो जन्मापासूनची ही कहाणी घेऊन. त्या यशानंतर बाजाराने मात्र बालपणच उचललं. २००७ मध्ये ‘बाल गणेश’ आला, २००९ मध्ये ‘लिटिल कृष्णा’ आला. देवांची बालरूपं एकापाठोपाठ एक आली. त्यांच्या पुढच्या आयुष्यातली ओझी मागेच राहिली.

आठवण ठेवणारी मालिका कशी असते, हे ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मध्ये दिसतं. २००५ ते २००८ या काळात, तीन पर्वांच्या ६१ भागांत ती एकच कथा सांगते. बारा वर्षांच्या आंगला तो जगाचा रक्षक असल्याचं नेमापेक्षा लवकर कळतं. एरवी ते सोळाव्या वर्षी सांगायचं असतं. युद्ध जवळ आल्याने वडीलधारे घाई करतात. आंग घाबरून पळतो आणि शंभर वर्षं बर्फात गोठून राहतो. तो जागा होतो तोवर त्याचे सगळे लोक मारले गेलेले असतात. पहिल्याच पर्वात तो हौसेने आगीशी खेळतो आणि त्याची सोबतीण कतारा हिचे हात भाजतात. तिचे हात बरे होतात, पण आंग अग्निविद्येला पुन्हा हात लावायला धजत नाही, तो थेट तिसऱ्या पर्वापर्यंत. एका मुलाची एक चूक दोन पर्वं कथेत टिकते. पाहणाऱ्या मुलाला कोणी उपदेश करत नाही, तरी त्याला कळतं की हातून घडलेलं पुसलं जात नाही.

हायाओ मियाझाकींची ‘फ्युचर बॉय कोनान’ ही १९७८ ची २६ भागांची जपानी मालिका याहून साधी आणि तितकीच पक्की. ओसाड बेटावर आजोबांबरोबर वाढलेला कोनान समुद्रात शार्क मारून घरी जेवण आणतो. आजोबा गेल्यावर त्यांना पुरून तो एकटा बेट सोडतो. आपल्याकडे १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर गाजलेला मोगलीही जपानमधूनच आला होता, जरी किपलिंगची मूळ कथा नागपूरच्या उत्तरेला असलेल्या सिवनीच्या जंगलातली. किपलिंगच्या कथेत लांडग्यांचा म्होरक्या, म्हातारा अकेला शिकार हुकवतो आणि कळपाची सत्ता त्याच्या हातून जाते. मोगलीचं धाडस त्या म्हातारपणाच्या शेजारी उभं आहे, म्हणून त्याला वजन आहे.

आपल्या उपखंडाने अशी एक नायिका घडवली आहे, आणि तिचं रूप मुंबईच्या राम मोहन यांच्या हातचं आहे. युनिसेफसाठी १९९० च्या दशकात तयार झालेली मीना. तिच्याकडे जादू नाही, लाडू नाही. तिला शाळेत जायचं आहे, पण घरची कामं तिच्या वाट्याला आली आहेत. तिचा पोपट मिठू वर्गाबाहेर बसून धडा ऐकतो आणि तिला येऊन सांगतो. शिकलेल्या आकड्यांनी ती घरच्या कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो आणि बापाचं मत पालटतं. दुसऱ्या एका भागात ती आणि भाऊ राजू एक दिवस कामांची अदलाबदल करतात. साहस इथेही आहे, पण ते अंगणात घडतं आणि त्याचा परिणाम घरावर कायमचा राहतो. त्याआधी १९७४ मध्ये विजया मुळे यांच्या कल्पनेतून आणि भीमसेन यांच्या दिग्दर्शनातून ‘एक अनेक और एकता’ ही ॲनिमेशन फिल्म आली, तिच्यातही सांगणारी होती एक ताई.

धाकट्यांना सांभाळणाऱ्या ताईची ही भूमिका महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या डहाणू तालुक्याला नवी नाही. धाकटी डहाणूच्या मच्छीमार वस्तीत होडी किनाऱ्याला लागली की मासळी निवडायला, बोंबील वाळत घालायला घरातल्या मुलांचे हात लागतात. आत तलासरीच्या बाजूला वारली पाड्यांवर गुरं राखणं आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणं हे मुलांचंच काम मानलं गेलं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. गुरं सोडून मुलं शाळेत येणार नाहीत हे ओळखून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. भावंडामुळे घरी अडकलेल्या ताईसाठी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली.

या कामात साहसकथेच्या लेखकांना घेण्यासारखं बरंच आहे. ताराबाई-अनुताईंनी मुलांच्या कष्टांचं कौतुक करून ते कष्ट तसेच राहू दिले नाहीत. मुलाचं काम खरं आहे हे मान्य केलं आणि त्यातला मोठ्यांचा वाटा मोठ्यांनी उचलला. चांगल्या मालिकांतही हेच घडतं. आंगजवळ कतारा आहे, आणि राजपुत्र झुकोला सांभाळायला त्याचा काका आयरो आहे. लेकरू चुकलं तर त्याला सावरणारं मोठं माणूस कथेत असतं. ढोलकपूरचा राजा किंवा शिवाचा इन्स्पेक्टर लड्डू सिंग यांना मात्र कथाच हतबल करते, म्हणजे मुलाची ताकद उठून दिसावी. मुलाचं मोठेपण दाखवायला मोठ्यांना बावळट करणं हा सोपा मार्ग आहे, आणि त्याने मुलाची समजही कमीच राहते. मुलाला शेवटी हेच पटतं की जबाबदार माणूस जगात एकच असतो आणि तो जिंकतोच.

डहाणू तालुक्यातल्याच गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांत (ते २०११ मध्ये पद्मश्रीने गौरवले गेले, २०१८ मध्ये निवर्तले) पाहिलं तर जाळ्यात मासे आहेत, शेतात माणसं आहेत, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी साखळी आहे. माणसं दोन त्रिकोणांची, जवळपास सारख्याच आकाराची. मध्यभागी एकटा पराक्रमी असा कोणी नाही. वारली शैली आज कपबश्यांवर, साड्यांवर, भिंतींवर पोहोचली आहे. तिच्या रेषा उचलल्या जातात, पण अनेकांनी मिळून एक काम पार पाडणं हा तिचा कथनाचा ढंग साहसी मालिकेला किती उपयोगी आहे, याचा विचार झालेला नाही.

मराठीकडे नायकांची वाण नाही. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये अमेय वाघच्या रूपाने पडद्यावर तरुणही झाला. मराठी मातीतली, क्रमाने पुढे जाणारी साहसी ॲनिमेशन मालिका मात्र मराठी मुलांच्या वाट्याला आलेली नाही. पूर्वी वाहिनीच्या वेळापत्रकाचं कारण खरं होतं. आता ओटीटीवर भाग क्रमाने पाहता येतात, मागचा भाग हवा तेव्हा पुन्हा लावता येतो. तेरा भागांची एक कथा पुरेशी आहे. चिकूच्या वाड्या, खाडी आणि पाड्यांच्या मुलखातली बारा वर्षांची एक मुलगी, कडेवर भाऊ, हाताखाली गुरं. दुसऱ्या भागात तिच्या हातून हरवलेलं वासरू तेराव्या भागातही हरवलेलंच राहिलं पाहिजे. अशी संहिता लिहिणारे लेखक मराठीत आहेत. निर्मात्यांनी आणि बालवाहिन्यांनी त्यांच्याकडून ती मागून घ्यायला हवी.