'झुंड' : महाविद्यालयाचे मैदान आणि भिंतीपलीकडचा संघ

महाविद्यालयीन फुटबॉल संघाचा इतिहास सामान्यतः करंडक, विजेतेपदे व विद्यापीठ संघात निवडलेले खेळाडू यांच्या नोंदींतून सांगितला जातो. पटावर नाव नसलेल्या मुलाला त्यात स्थान नसते. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) हा हिंदी चित्रपट नेमकी हीच उणीव दाखवितो.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'स्लम सॉकर' या उपक्रमावर त्याची कथा आधारलेली आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्रा. विजय बोराडे (अमिताभ बच्चन) वस्तीतील मुलांचा सामना महाविद्यालयाच्या संघाशी घडवून आणतात. भिंतीने विभागलेले दोन समाज येथे एकाच नियमाखाली समोरासमोर येतात. उत्तरार्धात पासपोर्टसाठी चाललेली धडपड हाच प्रश्न व्यापक करते. कौशल्य सिद्ध झाल्यावरही ओळखीचा पुरावा मागितला जातोच.

तथापि चित्रपटाची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. महाविद्यालयाचा संघ केवळ प्रतिस्पर्धी उरतो. संस्थेची निवडपद्धती कोणाला व का वगळते, याचा शोध घेतला जात नाही. परिवर्तनाचा सारा भार एका सहृदय शिक्षकावर पडतो व संस्था नामानिराळी राहते.

मंजुळे हे इंदापूरलगतच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यामुळे बारामती-इंदापूर परिसरातील प्राध्यापकांना हा प्रश्न परका वाटू नये. महाविद्यालयाचे मैदान संध्याकाळी कोणासाठी खुले असते, याचे उत्तर संस्थेनेच द्यावयाचे आहे.