पितळेचे शिंग

बासरीला भोके असतात, सनईला असतात. तुतारीला एकही नसते. बोटांना तिच्यात कामच नाही. जे करायचे ते ओठांनी, दमाने आणि पितळेने. म्हणून तुतारी ऐकण्याआधी ती डोळे भरून पाहावी. घडवणाऱ्याने ती घडवतानाच अर्धी वाजवून ठेवलेली असते.

आधी नाव पाहा. आपल्याकडे या घराण्यातल्या वाद्याला शिंगच म्हणतात. जनावराचे पोकळ शिंग फुंकणारा माणूस धातूकडे वळला, तरी मूळ आकार त्याने सोडला नाही. ओठांशी निमुळते, पुढे रुंदावत गेलेले आणि डौलात वाकलेले. लांब आणि सरळ तो कर्णा. वळणदार ते शिंग, ती तुतारी.

हे वळण वाचण्यासारखे आहे. जुनी शिंगे पुष्कळदा दोन वाकड्या तुकड्यांची असतात. ते एका बाजूला वळवून जोडले की चंद्रकोर होते, एक तुकडा फिरवला की नागमोड. सूर मात्र जवळपास तोच राहतो. नळीतल्या हवेला लांबी आणि रुंदी कळते. वळण फारसे कळत नाही. वळण आहे ते माणसासाठी. एवढी लांब नळी दोन हातांत पेलावी आणि तिचे तोंड जत्रेतल्या डोक्यांच्या वर उघडावे, यासाठी. डौल आणि सोय इथे एकाच रेषेत आली आहेत.

आतली पोकळी शंकूसारखी. ओठ सैल ठेवून फुंकले की खालचा षड्ज, थोडे आवळले की पंचम, आणखी आवळले की तार षड्ज. या स्वरांच्या कंपनांचे प्रमाण २:३:४. सगळी सरगम तुतारीत नाही, पण तंबोरा ज्या षड्ज-पंचमावर उभा असतो, तेच तिचेही धन आहे. थोडक्या स्वरांमुळे तिची हाक स्वच्छ राहते. मराठी मनाने जागृतीसाठी हेच वाद्य निवडले, केशवसुतांनी १८९३ साली कवितेला हेच नाव दिले, ते मला फार नेमके वाटते.

आता घडण. तांबे आणि जस्त मिळून झालेल्या पितळेचा पत्रा कापायचा, गुंडाळायचा, कडा डाख देऊन सांधायच्या. ठोके बसतील तसे पितळ कडक होत जाते. वेळीच तापवून नरम केले नाही तर चिरते. वाक देताना नळी चेपू नये म्हणून पोटात राळ किंवा शिसे भरायची रीत धातुकामात जुनी आहे. जोडावरच्या फुगीर कड्या दागिन्यासारख्या दिसतात, पण त्या सांधा झाकतात आणि बळकटही करतात. सांध्यात बारीकशी फट राहिली तरी दम वाया जातो, सूर फाटतो.

धातुकामाची ही विद्या नगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, मातीला परकी नाही. विजापूरच्या तटावरची सुमारे ५५ टनांची मुलूखमैदान तोफ १५४९ साली, निजामशाहीत, मुहम्मद रूमी याने अहमदनगरलाच ओतली. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये नगरच्या धंद्यांत लुगड्यांच्या जोडीला तांब्या-पितळेची भांडी आहेत. तोफेला जाडी लागते, तुतारीला पातळपणा. तोफ एकदा ओतली की झाली. तुतारी ठोक्याठोक्याने उमलवावी लागते. तांबट घागरीचा गळा काढतो ते ठोके आणि तुतारीचे तोंड फुलवणारे ठोके एकाच हाताचे आहेत.

म्हणून जुन्या तुतारीवरचे हातोडीचे वळ मला खोट वाटत नाहीत. सूर कसा जन्मला, त्याची ती अक्षरे आहेत. यंत्रावर गुळगुळीत केलेल्या, दिवाणखान्यात टांगायच्या तुतारीत ही अक्षरे सापडत नाहीत.

तुमच्या घरी, देवळात, गावच्या नगारखान्यात असे जुने शिंग असेल तर त्याला वजनाच्या भावाने मोडीत घालू नका. पिचलेला सांधा जाणत्या कारागिराकडून डाखून घ्या आणि येत्या जत्रेला गुरवाच्या हाती द्या. ते वाजले, तरच ते जपले गेले.