कर्जमुक्त पेशवा

ऋण काढून सण करणाऱ्याला आपल्याकडे कोणी शहाणे म्हणत नाही. घरातला हा हिशेब आपण बिनदिक्कत राज्यालाही लावतो. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर १९०० साली जो निबंध वाचला, त्यातला सरकारी कर्जाचा उतारा मी अनेकदा वाचला आहे. तिथे रानड्यांच्याही हाती घरगुती तागडीच होती, असे माझे मत आहे.

त्यांचे आकडे असे : १७४० ते १७६० या काळात नानासाहेबांनी दीड कोट रुपये कर्ज काढले, व्याज शेकडा १२ ते १८. थोरल्या माधवरावांच्या माथी २४ लाख. नाना फडणिसांच्या अमदानीत ८ लाख. दुसऱ्या बाजीरावाला कर्जच नाही. उलट खासगी खजिना भरलेला. वाचणाऱ्याला वाटावे, कारभार सुधारत गेला! रानडे काही रावबाजींचे भाट नव्हते. कमावीस मोडून इजारा आला, हे त्याच निबंधात त्यांनी नोंदवले आहे. पण वसुलाच्या संदर्भात. कर्जाशी त्याची गाठ घातलेली नाही.

ती घातली की चित्र पालटते. नानासाहेबांचा सावकार पुढच्या वसुलाच्या आणि चौथाईच्या भरवशावर पैसा देई. मोहीम फसली तर त्याचीही रक्कम अडके, म्हणून तो तगादा लावी. पानिपतानंतर हा भरवसा डळमळला आणि ते ओझे माधवरावांना वाहावे लागले, हे खरेच. कर्जाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण इजारा म्हणजे काय? लिलावात बोली लावून इजारदार रक्कम कबूल करी आणि ती नफ्यासह रयतेकडून काढी. परगणा पुढल्या वर्षी आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही, म्हणून यंदाच पिळून घेई. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात या लिलावांचे आणि पोटइजाऱ्यांचे वर्णन आहे. (तो जेता होता, हे धरूनच ते वाचावे.) सरकारच्या वहीतून उतरलेले कर्ज असे कुळाच्या वहीत चढले. सारा भरायला गावच्या सावकाराचे उंबरे त्याने झिजवायचे.

शिवाय फौज. आधीचे पेशवे तिच्यासाठी कर्ज काढत. रावबाजींनी वसईच्या तहात इंग्रजांच्या तैनाती फौजेपोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूखच तोडून दिला. रानड्यांच्या कर्जाच्या उताऱ्यात ही रक्कम येत नाही, आणि ती कर्ज नसल्याने येणारही नाही. माझ्या प्रतीत मी ती बाजीरावाच्या नावापुढे पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.