टंगस्टनचा वितळणबिंदू आणि संमीलन ऊर्जेचे आश्वासन : एक चिकित्सा

1955 मध्ये जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी केंद्रकीय संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळविण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले. समुद्रातील जड हायड्रोजनची विपुलता हे त्या आशेचे अधिष्ठान होते. मराठी विज्ञानलेखन आजही बहुधा याच विपुलतेपाशी थांबते. भट्टीच्या भिंतीचा प्रश्न आलाच, तर टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला वितळते, एवढे सांगून तो निकालात काढला जातो. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वितळणबिंदू हा केवळ उष्णतेपुरता निकष होय. ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या संमीलनातून 14.1 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन बाहेर पडतो. टंगस्टनचा अणू स्फटिकातील जागेवरून ढळण्यास मात्र सुमारे 90 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. त्यामुळे एकाच आघातातून विस्थापनांची मालिका सुरू होते. बहुतेक अणू पुन्हा जागा घेतात. उरलेल्या रिक्त जागांतून पोकळ्या बनतात व धातू अधिक कठीण, पण अधिक ठिसूळ होतो. शिवाय न्यूट्रॉन शोषून टंगस्टनचे काही अणू र्‍हेनियम व पुढे ऑस्मियम बनतात. उष्णतावहन घटते आणि रिक्त जागांत ट्रिटियम अडकून राहतो. म्हणजे भिंत केवळ झिजत नाही, तिचे द्रव्यच पालटते.

अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक केंद्र वऱ्हाडातील वाचकास परिचित आहे. अशा केंद्रात बाष्पकाची निकामी नळी संच बंद ठेवून कामगार बदलू शकतात. संमीलन भट्टीची भिंत किरणोत्सारी झालेली असल्याने ती दूरनियंत्रित यंत्रांनीच बदलावी लागेल. ती किती काळ टिकते, यावर विजेची किंमत अवलंबून राहील.

भारत 2005 पासून सहभागी असलेल्या 'इटर' प्रकल्पाच्या 2024 मधील आराखड्यात पहिल्या भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन स्वीकारण्यात आले. परंतु वीजनिर्मिती करणाऱ्या भावी भट्टीतील न्यूट्रॉनमारा 'इटर'हून कितीतरी अधिक असेल. आयनांच्या माऱ्याने केलेले प्रयोग पृष्ठालगतचा अतिशय पातळ थरच तपासतात. म्हणूनच स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ स्वतंत्र न्यूट्रॉनस्रोत उभारला जात आहे.

सारांश, टंगस्टनची निवड चुकीची नाही. तिचे समर्थन एकांगी आहे. अमरावती-अकोल्याच्या वर्गांतून संमीलन शिकविताना 'इंधन किती?' या प्रश्नाबरोबर 'भिंत किती काळ?' हाही प्रश्न विचारला जावा.