कर्ता हरवलेली वाक्ये

केरीच्या वाळूवर उभे राहिले की नदीच्या मुखापलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने त्या किल्ल्यावर तिरंगा लावला आणि पुढे कारावास पत्करला. बरोबर एका वर्षाने, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेवर निरनिराळ्या वाटांनी तीन हजारांहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही शिरले. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी ही त्यांतील एक वाट. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे मारली गेली. दोन्ही स्थळे आपल्याच तालुक्यातील आहेत आणि त्यांविषयी आपण विपुल लिहिले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या घटना नव्हेत. त्यांविषयी लिहिताना आपण जी भाषा घडविली, ती आहे.

मुक्तिलढ्याविषयीच्या आपल्या स्मरणिका, गौरवग्रंथ, प्रासंगिक कविता आणि व्याख्याने वाचताना काही क्रियापदे पुनःपुन्हा भेटतात. सत्याग्रह्यांनी ‘प्राण वेचले’, ‘बलिदान दिले’, ‘हौतात्म्य पत्करले’. ते ‘धारातीर्थी पडले’. या सर्व प्रयोगांत कर्ता आहे तो मरणारा. मारणारा वाक्यात कोठेच नाही. गौरवाच्या भरात आपण मृत्यूला मृताचेच कर्तृत्व करून टाकतो. धोका पत्करण्याचा निर्णय सत्याग्रह्याचा होता यात शंका नाही. परंतु गोळी झाडण्याचा निर्णय त्याचा नव्हता. तो बंदुकीमागच्या शिपायाचा, त्याला हुकूम देणाऱ्याचा आणि लिस्बनच्या राजवटीचा होता. ‘हौतात्म्य’ हा शब्द पहिला निर्णय सांगतो आणि दुसरा झाकतो.

या झाकण्याचा एक परिणाम असा की, दोषाविषयी नीट विचार करण्याची सवयच आपल्याला लागली नाही. १९५५ मध्ये दोषाचे प्रश्न दोन होते. गोळी कोणी घातली, हा पहिला. निःशस्त्र माणसांना बंदुकीसमोर कोणी जाऊ दिले, हा दुसरा. पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेली गोवा विमोचन सहायक समिती, तिच्यात एकत्र आलेले परस्परविरोधी पक्ष, प्रथम कचरणारे आणि गोळीबारानंतर सीमा बंद करणारे दिल्लीचे सरकार, या सर्वांना तो दुसरा प्रश्न विचारता येतो, आणि विचारला पाहिजे. पण पोर्तुगीज बाजूने या दुसऱ्याच प्रश्नाचा आधार घेतला. १९५१ पासून गोवा हा त्यांच्या लेखी पोर्तुगालचा सागरपारचा प्रांत होता. म्हणून सीमा ओलांडणारे ते घुसखोर, आणि त्यांच्या मृत्यूचा दोष त्यांना पाठविणाऱ्यांवर. या युक्तिवादाचा आपल्याला आजही संताप येतो. तो संताप रास्त आहे, कारण पाठविणाऱ्याची चूक मोठी ठरली तरी तिने गोळी झाडणाऱ्याचे कृत्य धुऊन निघत नाही.

मग हाच न्याय आपण इतरत्र लावतो काय? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये शिरून सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. मृतांत बहुसंख्य नागरिक होते. त्यानंतरच्या इस्रायली हल्ल्यांत, गाझाच्या आरोग्य खात्याच्या ऑक्टोबर २०२५ पर्यंतच्या गणनेनुसार, ६७ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले. त्यांत मुलांची संख्या फार मोठी आहे. या काळात आपल्या घरांतून, व्याख्यानमालांतून जे बोलले गेले ते आठवावे. एक पक्ष म्हणे, हमास नागरिकांच्या आडून लढते, तेव्हा मुलांच्या मृत्यूचा दोष हमासचा. दुसरा म्हणे, इतक्या वर्षांच्या कब्जानंतर आणखी काय होणार, तेव्हा ७ ऑक्टोबरचा दोष इस्रायलचाच. दोन्ही वाक्यांची रचना आपल्या परिचयाची आहे. पत्रादेवीच्या मृतांविषयी पोर्तुगीज बोलत ती हीच.

हा संघर्ष आपल्याला सर्वस्वी परका आहे असेही नाही. कोकणातून गेलेली अनेक बेने इस्रायल कुटुंबे अश्दोद, बीरशेबा या शहरांत, गाझाच्या रॉकेटांच्या टप्प्यात राहिली, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी मराठी होती. दुसऱ्या बाजूला, परसत्तेच्या चौकीसमोर निःशस्त्र उभे राहणे म्हणजे काय, हे पॅलेस्टिनी माणसाइतकेच आपल्या वडिलांच्या पिढीला ठाऊक होते. आपली सहानुभूती दोन्हीकडे जाऊ शकते. अडते ती भाषा.

कारण ‘हुतात्मा’ या शब्दाच्या पलीकडे निरपराध मृतासाठी आपल्याजवळ शब्दच थोडे. गाझातील ढिगाऱ्याखालचे मूल किंवा सीमेलगतच्या वस्तीत आपल्या घरात मारली गेलेली म्हातारी यांनी काहीही ‘पत्करले’ नव्हते. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून झालेल्या गोळीबारात मेलेला कोळीही मासे धरावयास गेला होता, प्राण द्यावयास नव्हे. त्याचा मृत्यू पुढच्या महिन्यातील लष्करी कारवाईच्या कारणांत मोजला गेला. आपल्या साहित्यात मात्र तो क्वचितच आला. त्याला वीर करता येत नव्हते, हे त्याचे कारण असावे.

आणि आपल्या बाजूच्या हातून मेलेल्यांचे काय? सशस्त्र गटांनी पोलीस चौक्यांवर हल्ले केले, त्यांत मेलेल्यांपैकी काही गोमंतकीयच होते. मोहन रानडे यांच्यासारख्यांनी भोगलेला दीर्घ तुरुंगवास आपण आदराने सांगतो, आणि सांगावा. परंतु त्या शिपायांच्या घरी काय झाले हे विचारणारी कथा माझ्या वाचनात नाही. शिपाई आणि नागरिक यांत भेद आहे, तो पुसावयाचा नाही. पण शोकालाही आपण केवळ आपल्याच बाजूचे दार ठेवले, एवढे मान्य करावे लागेल.

मराठी समीक्षेला ही दृष्टी अपरिचित नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववनाच्या दाहाकडे पाहिले ते असेच. महाकाव्य त्या प्रसंगाला पराक्रम म्हणते. इरावतीबाईंना त्यात कृष्ण आणि अर्जुन यांनी पळू न देता जाळलेले जीव दिसले. आपल्या परमप्रिय नायकांच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यास त्या कचरल्या नाहीत. सौप्तिकपर्वातील अश्वत्थाम्याला पित्याच्या कपटवधाचे खरेखुरे दुःख आहे. व्यासांनी ते लपविले नाही. तरीही झोपलेल्या मुलांच्या वधाचा दोष अश्वत्थाम्याच्याच माथी राहतो. कारण सांगणे आणि दोषमुक्त करणे या दोन गोष्टी व्यासांनी वेगळ्या ठेवल्या.

त्या भूमीतील चांगल्या लेखकांनीही हेच केले. एस. यिझहार या हिब्रू लेखकाने १९४९ मध्येच, युद्धाची राख निवली नसताना, ‘खिरबेत खिझे’ ही कथा लिहिली. तिचा निवेदक स्वतः इस्रायली सैनिक आहे. अरब खेडूतांना गावाबाहेर घालविणाऱ्या तुकडीत तो सामील आहे. यिझहार इस्रायली संसदेचा सदस्यही होता, पण ‘आम्ही’ हा कर्ता त्याने वाक्यातून काढला नाही. पॅलेस्टिनी घस्सान कनफानीने ‘हैफाला परत’ (१९६९) या लघुकादंबरीत मेलेल्या अरब मुलाकडे पाहावयास लावले ते मिरियम या यहुदी स्त्रीला, जिचा लहान भाऊ नाझींनी मारला होता. शत्रूच्या घरातील स्त्रीला एवढे डोळे देणे सोपे नव्हते.

पण कनफानीची गोष्ट येथे थांबत नाही. तो ज्या संघटनेचा प्रवक्ता होता, तिने ३० मे १९७२ रोजी लोद विमानतळावर घडवून आणलेल्या हल्ल्यात २६ माणसे मेली. त्यांत यात्रेकरू बरेच होते. ८ जुलै १९७२ रोजी बैरुतमध्ये मोटारीतील स्फोटात इस्रायली हेरखात्याने कनफानीला मारले. शेजारी बसलेली त्याची सतरा वर्षांची भाची लमीस हीही मेली. लोदच्या यात्रेकरूंचा दोष कोणाचा आणि लमीसचा कोणाचा? एकाच्या उत्तराने दुसऱ्याचे उत्तर फिटत नाही.

कायद्यानेही पुढे हेच शब्दबद्ध केले. १९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराचे ५१ वे कलम नागरिकांची ढाल करण्यास मनाई करते, आणि एका पक्षाने ती मनाई मोडली तरी दुसऱ्याचे नागरिकांविषयीचे दायित्व संपत नाही असेही बजावते. इस्रायल या कराराचा सदस्य नाही, भारतही नाही.

पत्रादेवीच्या स्मारकाशी आपण दरवर्षी फुले वाहतो. यापुढील स्मरणलेखनात त्या दिवसाची वाक्ये कर्त्यासह लिहावीत: कोणी मारले, कोणी पाठविले, कोण मेले, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारू नये. हे आपल्या मृतांबाबत जमले, तरच गाझातील आणि सीमेलगतच्या इस्रायली वस्त्यांतील मृतांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचेल.